दूध नासू नये म्हणून

काळा झगा ट्रंकेच्या तळाशी होता. मादान ओरेस्तनं तो वर काढला, झटकला, अंगाला लावून पाहिला आणि परत घडी घालून ठेवला. अंगात निळाच चढवला.

·

नदीकाठच्या दगडावर कुणीतरी चुन्याची फुली मारून गेलं होतं. फुली म्हणजे इथलं पाणी पिऊ नका. फुलीच्या खालच्या अंगाला बायका धुणं बडवत होत्या, वरच्या अंगाला घागरी भरत होत्या.

·

"एक थेंब बी न्हाई? आनि ह्या उन्हात? मिस, तुमी कवा तान्ह्या पोराला कुशीत घिऊन निजलाय का?" शेजारीण दवाखान्यातल्या बाईला विचारत होती.

·

देस्तिन सीमेपलीकडून परत आला तेव्हा त्याच्या पायात मादान ओरेस्तच्या लेकाचे, फेनेलचे बूट होते.

·

घरात माणूस गेलं की घरातल्या थोरल्या बाईनं अंगणात उभं राहून पहिला हंबरडा फोडायचा. तो या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो. लोक हातातली कामं टाकून निघतात, वाटेत विचारतात, कुणाच्या घरचा? हैतीच्या या भागात निरोप्या लागत नाही. आणि ज्या घरातनं हंबरडा आला नाही, त्या घरात कुणी मेलेलं नसतं.

·

तान्ह्या ओबेनच्या मांड्यांना वळ्या पडत चालल्या होत्या.

·

हे सगळं एकाच अंगणातलं आहे. मागचंपुढचं लावून सांगायचं तर देस्तिनपासून धरावं लागेल.

तो आला तेव्हा तूर फुलांवर होती. मादान ओरेस्त बांधावर वाकून गवत काढत होती. आधी तिला बूट दिसले. लेकाचे बूट ओळखायला वर बघावं लागत नाही. डाव्याच्या टाचेला तिनं स्वतः टायरचा तुकडा ठोकून दिला होता. ती हसत वर उठली, आणि बुटांत दुसराच माणूस होता.

देस्तिन म्हणाला, "मादान ओरेस्त, जरा खाली बसा."

"बसत न्हाई. बोल."

"पल्याड इमारतीचं काम चाललं हुतं. फळी सरकली."

"मग?"

"मग काय. तितंच पुरला. आमी चौघं हुतो. पाद्री बी आला हुता." त्यानं पायांकडं पाहिलं. "ह्ये बूट तुमास्नी द्यायला आनले. वाटंत माजे तुटले म्हून घातले."

तिनं तोंड उघडलं. छातीतून ते वर येत होतं, गळ्यापर्यंत आलं होतं. एवढ्यात घरातून ओबेनची किरकिर ऐकू आली, मग सूनबाईचं 'आले रे, आले', आणि किरकिर थांबली. पोर प्यायला लागलं होतं.

मादान ओरेस्तनं तोंड मिटलं. देस्तिन घाबरला. मुलगा मेल्याचं ऐकून न रडणारी बाई त्यानं पाहिली नव्हती.

"तुमी रडत न्हाई?"

"सून अंगावर पाजतीया," ती म्हणाली. मग खाली बसली आणि तुरीतलं गवत उपटत राहिली. गवताबरोबर तुरीची रोपंही उपटली जात होती. देस्तिननं तिचा हात धरला तेव्हा तिला ते कळलं.

·

बाईच्या अंगावर पोर पीत असताना तिला मोठा धक्का बसला, मोठा राग आला, की रक्त बिघडतं आणि बिघडलेलं रक्त दुधात उतरतं. हे काही मादान ओरेस्तनं शोधून काढलेलं नव्हतं. तिच्या आईलाही ठाऊक होतं, तिच्या आईच्या आईलाही. आणि तिनं ते डोळ्यांनी बघितलंही होतं.

सुनेची, सेलियानची, पहिली मुलगी रोझेत. तिच्या वेळेला सेलियानची आई वारली. भरल्या अंगणात कुणीतरी ओरडून सांगितलं, आणि सेलियान पोरीला छातीशी धरून खाली कोसळली. त्या दुपारी मादान ओरेस्तनं सुनेचं दूध तळहातावर पिळून पाहिलं. पातळ, निळसर. पोर ताबडतोब काढून घेतलं. सेलियान दारात उभी राहून पान्हा फुटलेल्या छातीवर हात दाबून रडत होती, 'एकदा तरी लावू द्या', म्हणत होती. मादान ओरेस्तनं तिला आत ढकललं आणि ज्वारीच्या पिठाची लापशी पातळ करून पोरीला कापसाच्या बोळ्यानं पाजली. पाणी नदीचंच. जुलाबाची साथ तेव्हा खालच्या गावात होती, वर आली नव्हती असं लोक म्हणत.

रोझेत कोमेजत कोमेजत गेली. अंगणात सगळे म्हणाले, नासक्या दुधाचा जेवढा घोट गेला तेवढ्यानंच घात केला. काढून घ्यायला उशीर झाला.

यातून मादान ओरेस्तनं एक गोष्ट शिकून घेतली. पुन्हा अशी बातमी सुनेच्या कानावर जाऊ द्यायची नाही. पोर तोंडानं काहीबाही खायला लागेपर्यंत जाऊ द्यायची नाही.

म्हणून निळा झगा.

·

गावानं काय काय केलं ते सांगायला हवं, कारण गाव एरवी इतकं एकदिलानं काही करत नाही.

देस्तिनला बूट काढायला लावले आणि डोंगराच्या मागच्या उताराला बहिणीकडं राहायला धाडला.

रविवारच्या प्रार्थनेत पाद्र्यानं फेनेलचं नाव घेतलं नाही. त्याच्यासाठी केलेली प्रार्थना 'वाटेवरच्या सगळ्या लेकरांसाठी' अशी झाली.

शेजारची लिनोर ही ओबेनची धर्ममाता, म्हणून घरच्यांची कोमे. तिच्या तोंडात बातमी टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मादान ओरेस्तनं तिला बायबलवर हात ठेवायला लावला. लिनोर हात ठेवता ठेवता म्हणाली, "माज्यावर इश्वास न्हाई म्हना की सरळ."

"न्हाईच हाय."

"बरं झालं सांगितलंत. आता गप ऱ्हायला सोपं पडंल."

आणि मादान ओरेस्त स्वतः? ती सकाळी चूल फुंकायला बसे आणि ओली लाकडं घाली. धुरात डोळ्यांचं पाणी मोकळं करता येतं. पण तेवढंही तिला धड मिळेना, कारण सेलियानलाही त्याच दिवसांत चूल फुंकायची हौस आली. "मांमान, तुमी सरा. तुमचं डोळं लाल झाल्यात." "तुजं बी झाल्यात की गं." "धूर हाय." "व्हय. धूरच लई हाय."

एक मात्र बरं होतं. सुरुवातीला सेलियान येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, फेनेलचा काही निरोप? पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. मादान ओरेस्तला वाटलं, देवानंच तिला विसर पाडला. नवऱ्याचा एवढा विसर पडावा याचा तिला कधी कधी रागही यायचा. माझा लेक मातीत गेला आणि ही खुशाल पोराला पाजते आहे, गुणगुणते आहे. मग स्वतःच स्वतःला गप्प करी. तिनं खुशाल असावं म्हणून तर सगळा खटाटोप.

·

मिस यानिक पंधरवड्यातून एकदा खालच्या गावच्या दवाखान्यातून खेचरावर बसून यायची. आंब्याखाली चित्रांचा कापडी पट्टा लटकवायची. चित्रातली बाई जाडजूड, तिचं पोर जाडजूड, दोघं हसतात.

"सहा महिने फक्त अंगावरचं दूध," मिस यानिक म्हणाली. "पाणी नाही. साखरपाणी नाही. पानांचा काढा नाही. लापशी नाही. या साथीत तर बाहेरचं पाणी म्हणजे विष समजा."

"आनि तान लागली म्हंजी?" लिनोरनं हात नाचवले. "पोर काय कासव हाय?"

बायका हसल्या.

"आधी येतं ते दूध पातळ असतं, निळसर दिसतं. ते तहानेसाठी. मागून येतं ते दाट, भुकेसाठी. दोन्ही त्यातच आहे."

मादान ओरेस्त मागं, आंब्याच्या मुळावर बसली होती. पातळ, निळसर. तिच्या हातातली तुरीची शेंग सोलता सोलता थांबली.

"आनि त्ये नासलं तर?" एका म्हातारीनं विचारलं.

"नासत नाही."

"आसं कसं? धसका घेतला, रगत बिगाडलं..."

"दूध धसक्यानं नासत नाही, रागानं नासत नाही, रडण्यानं नासत नाही. ते काही भांड्यात काढून ठेवलेलं नाही. बाळ ओढतं तेव्हा ते येतं. रडणाऱ्या आईचंही तेच, हसणाऱ्या आईचंही तेच."

यावर कुणी हसलं नाही. सगळ्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या. मिस यानिकला कळेना आपलं काय चुकलं. त्या सगळ्या सेलियानकडं न बघायचं काम करत होत्या.

सेलियान पुढंच बसली होती, ओबेन मांडीवर. ती म्हणाली, "मिस, त्ये परत एकदा सांगा."

मिस यानिकनं परत सांगितलं.

"मोट्यानं सांगा. मागं ऐकू जात न्हाई."

·

उतारावर मादान ओरेस्तनं खेचराचा लगाम धरला.

"मिस, त्ये खरं का?"

"कोणतं?"

"नासत न्हाई म्हनालात त्ये."

"खरं आहे."

"शपथ घ्या."

मिस यानिकनं घेतली. मग मादान ओरेस्तनं तिला फेनेलचं सांगितलं. खेचराच्या मानेकडं बघत, गुरं विकल्याचं सांगावं तसं. मिस यानिक खाली उतरली. तिचा चेहरा पार उतरला.

"तुमचा मुलगा... आणि तुम्ही एकटीनं... देवा!"

"माजं ऱ्हाऊ द्या. दूध नासत न्हाई तर तुमीच सांगा तिला. तुमी शिकलेल्या. आत्ता चला संगं."

मिस यानिक जागची हलली नाही.

"चला की."

"मादान ओरेस्त... दूध नासणार नाही. पण तिला जर वाटलं की नासलंय, आणि तिनं बाळाला लावायचं सोडलं, किंवा कुणी बाळ काढून घेतलं, तर दूध आटेल. ते मात्र होतं."

"म्हंजी नासत न्हाई. आटतं."

"लावलं नाही तर आटतं."

"मग माजं आनि तुमचं एकच झालं की. आज सांगू नगा, आसंच तुमी बी म्हनताय."

मिस यानिकनं लगाम हातात घट्ट धरला. "अजून थोडे दिवस. पाच महिने झालेत त्याला. वरचं खायला लागू दे. मग मी स्वतः येईन."

"तितं आंब्याखाली तर लई जोरात बोललात."

मिस यानिक खेचरावर चढली. बाईला खोटं पाडून मादान ओरेस्तला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. दूध नासत नसेल तर मग त्या वेळी, त्या दुपारी, तळहातावर... तिनं तोंड उघडलं, आणि खेचराच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जावा. ऊन चढायच्या आत खाली पोचा."

·

इर्जिकीच्या दिवशी ऊन असं होतं की मातीतून वाफ नव्हे, नुसती धग यायची. ढेकळं वाजत होती. पेरणीआधी वरचं वावर खणून काढायचं होतं. घरात कर्ता पुरुष नाही म्हणून सगळं गाव कुदळी घेऊन आलं. का नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

ढोल होता, शंख होता, गाणारा पोलिनिस होता. पोलिनिस पुढं उलटा चालत गातो आणि कुदळींची ओळ त्याच्या तालावर खाली येते. गाण्यात तो गावाची उणीदुणी काढतो. कुणाची बकरी कुणाच्या मक्यात शिरली, कुणाचा जावई सासुरवाडीला तळ ठोकून बसला. आणि खणतीचा एक पट्टा, म्हणजे तास, संपून बांध आला, की तो त्या वावरात राबून गेलेल्या मेल्या माणसांना हाक मारतो. जित्यांना त्या हाका मारायच्या नसतात. मेलेल्यांनी जमीन सोडू नये म्हणून त्या असतात.

मादान ओरेस्तनं त्याला सकाळीच बाजूला घेतलं होतं. "ध्यान ऱ्हाऊ दे, पोलिनिस."

"म्या काय खुळा हाय का?"

खुळा नव्हता. पण गाणारा तोंडानं गातो आणि तोंडाला सवय असते. वर सकाळपासून कच्च्या रमचे घोट चालले होते.

सेलियान जेवण घेऊन वर आली. डोक्यावर तुरीभाताचं पातेलं, कमरेवर ओबेन. लिनोर तिच्या मागं, स्वतःच्या पोरांसाठी लापशीचं भांडं घेऊन. तास संपत आला होता. पोलिनिसनं मान मागं टाकली.

"ओरेस्ता रं, ऊन चढलं, कुदळ घे!"

ओरेस्त म्हणजे मादान ओरेस्तचा कधीचाच गेलेला नवरा. त्याच्या वतीनं ओळीनं ओरडून जाब दिला, "घेतली!"

"फेनेला रं, ऊन चढलं, कुदळ घे!"

"घेत..."

अर्ध्या ओळीच्या तोंडून ते गेलं. अर्ध्या ओळीनं गिळलं. ढोल एक ठोका पुढं जाऊन थांबला. पोलिनिसनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, जणू ते शब्द अजून आत कोंबता येतील.

सेलियाननं पातेलं उतरवून खाली ठेवलं. सांडू न देता.

"धरा तिला!" लिनोर किंचाळली. "पोर काढून घ्या! दूध गेलं! मादान ओरेस्त, पोर घ्या आदी!"

दोघीतिघी धावल्या. लिनोरनं लापशीच्या भांड्याचं झाकणही काढलं. मादान ओरेस्त सगळ्यांच्या पुढं होती. तिला आपले पाय धावताना कळलेच नाहीत. तिनं ओबेनच्या काखेत हात घातले.

सेलियाननं सोडला नाही.

"सोड, पोरी. तुला ठावं न्हाई, तुजं रगत आता..."

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"फेनेल मेला त्ये." सेलियान तिच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "शेंगा भरत हुत्या तवापासनं ठावं हाय."

कुणाच्या तरी हातातली कुदळ ढेकळावर पडली.

"खोटं," लिनोर म्हणाली. "आगं, तू तर गानं म्हनत हुतीस अंगनात!"

"म्हनत हुते. न्हाई तर तुमी लापशी घिऊन आला आसता, कोमे. आत्ता आलात तशा."

"शेंगा भरत हुत्या तवापासनं?" मादान ओरेस्तचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आनि माज्यासमोर हसत हुतीस? माजा लेक... आनि तू हसत हुतीस?"

"तुमी बी हसत हुता की, मांमान."

मादान ओरेस्तचे हात अजून पोराच्या काखेत होते. ओबेन दोघींच्या मधे ताणला गेला होता आणि मजेत एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. जड होता. या गावात या वयाचं इतकं जड पोर तिनं कधी उचललेलं नव्हतं.

"मग ह्यो काय पीत हुता?" सेलियान म्हणाली. "सांगा की. रात ना दिस आतल्या आत रडले, आनि ह्याला पाजलं. नासलं आसतं तर ह्यो आज आसा आसता? बगा ह्याच्याकडं. माज्याकडं नगा बगू."

मादान ओरेस्त बघत होती. मांडीच्या वळीत मातीची रेघ बसली होती. ती तिनं अंगठ्यानं पुसली. पुसता पुसता तिच्या डोक्यात एक गोष्ट सरळ चालत आली आणि समोर उभी राहिली. उतारावर जी तिनं खेचराबरोबर खाली धाडून दिली होती, तीच. हे दूध नासलं नाही, तर ते दूधही नासलं नव्हतं. मग दारात उभी राहून ही पोर 'एकदा तरी लावू द्या' म्हणत होती तेव्हा तिला आत कुणी ढकललं? बोळा कुणाच्या हातात होता?

अजूनही वाट होती. पोर ओढून घ्यायचं, म्हणायचं आज नासलं, आत्ता नासलं, सगळ्यांसमोर नाव निघालं तेव्हा नासलं. गाव मान डोलावेल. लिनोरचं भांडं तयार होतं. मग रोझेतचंही नासलेलंच राहील, आणि मादान ओरेस्तला रात्री झोप लागेल.

तिनं हात काढून घेतले.

"लाव त्याला," ती म्हणाली. "पी म्हनावं."

सेलियान तिथंच खणलेल्या तासात फतकल मारून बसली आणि झग्याची गुंडी काढली. लिनोर काहीतरी बोलायला गेली. मादान ओरेस्तनं तिच्या हातातलं भांडं घेऊन लापशी बांधावर ओतली. कोरड्या मातीनं ती लगेच पिऊन टाकली.

मग मादान ओरेस्त वावराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. एवढे दिवस अडवून धरलेला तो हंबरडा एकदाचा फुटला, आणि समोरच्या डोंगरावरची माणसं हातातली कामं टाकून उभी राहिली. त्यात तिनं नाव घेतलं. फेनेलचं नाव मागून आलं. पहिलं नाव रोझेतचं होतं.

पोलिनिस रडत होता. त्या आक्रोशात कुणाचं नाव आधी आलं हे फक्त सेलियानला ओळखू आलं. तिनं मान वर केली नाही. पोराच्या डोक्यावर ऊन येत होतं, तेवढा हात आडवा धरला.

·

सेलियानला ती बातमी झऱ्यावर लागली होती, लिनोरच्या मुलीच्या तोंडून. त्या वेळी ओबेन अंगावर पीत होता. त्यानं तोंड सोडलं नाही.